ई-क्लास, गट ११८

तक्रार गावाची नव्हती, नव्या ग्रामसेवकाची होती:
सरकारी जागेवर दगडांचे अतिक्रमण,
क्षेत्र अंदाजे पावणेतीन एकर, कब्जेदार एक.
मे महिना. वणीची बस मला
मोजणीच्या मशीनसकट पांदणीपाशी उतरवून
आपल्याच धुरळ्यात शिरली.

नाव? लहानू गोमाजी झाडे. वय शहात्तर.
धंदा? तो हसला.
"आता हेच नाई का जी."

लांबून वाटलं, गुरं बसलीत.
जवळ गेलो तर गोटे.
काळे, नाल्यातले, पाण्यानं पाठ घासलेले,
पिवळट चुनखडीचे, खाणीनं टाकून दिलेले,
काही गेरूचे, हात लावला की हात रंगवणारे.
उभे, आडवे, एकावर एक,
वर्तुळात वर्तुळ, त्यात अजून एक,
आणि मधल्या वाटा इतक्या स्वच्छ झाडलेल्या
की मी विचारून बसलो, चपला काढू का?
"कायले? पाय भाजतीन."

हत्यारं: एक सब्बल, आधीच्या तीन झिजल्या.
सागाचे चार ओंडके.
एक दोर, ज्यात दोरापेक्षा गाठी जास्त.
सगळ्यात मोठा गोटा, माझ्या छातीहून उंच,
नाल्यापासून इथवर यायला
पावसाळा सोडून दीड वर्ष लागलं त्याला.
रोज वीतभर. कधी तेवढंही नाही.
"रात्री वाटे, थो मांगं सरकला असन.
कंदील घेऊन पाहाले जावो."

काऊन पण? मी विचारलं. फॉर्मात तसा रकाना नाही.
त्यानं टोपीनं मान पुसली.
"गोटे होते जी. मी होतो."
पुढे काही येईल म्हणून थांबलो.
शेळी खोकली.
पुढे काहीच आलं नाही.

बायको, पुनाबाई, या गोट्यांपायी दोनदा माहेरी गेली.
तिसऱ्यांदा निघाली ती कोपऱ्यावरच दम लागून बसली
आणि जिच्यावर बसली ती शिळा मागून घेतली.
ती अजून तिथंच आहे, बुटकी, जरा खोलगट.
तिच्यावर कोणी बसत नाही.
शेळ्यासुद्धा वळसा घालतात.

दुपारी मशीन तापून बंद पडलं.
होकायंत्र काढलं, तर काळ्या गोट्यांपाशी
काटा उत्तर सोडून भलतीकडे बघू लागला.
मग पावलांनीच मोजलं, तो पुढे, मी मागे.
मी आकडे म्हणत होतो, तो ओळख करून देत होता:
"हा आखाडीचा.
हा बैल मेला त्या सालचा.
हा उगाच.
हा बी उगाच."

अतिक्रमणाचे स्वरूप: पक्के, कच्चे की पीक?
पक्कं म्हणावं तर चिमूटभर सिमेंट नाही.
पीक म्हणावं तर...
ओळींतलं अंतर मात्र तुरीइतकंच होतं.
जागेवरील झाडे, संख्या:
चहूकडे पाहिलं. बोरीचं झुडूप नाही,
बाभळीचा काटा नाही.
लिहिलं, एक.

अंगठा त्यानं शाईत बुडवून नीट दाबला.
रेषा उमटल्या नाहीत.
पुन्हा दाबला, दुसऱ्या हाताचा दाबला.
कागदावर नुसते निळे गोल,
गुळगुळीत, नाल्यातून काढल्यासारखे.
खाली काय शेरा मारावा ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

परतीच्या बसला वेळ होता.
तो पुन्हा सब्बल घेऊन एका पडलेल्या गोट्याला भिडला.
इकडून धरू का, म्हटलं.
"राहू द्या जी.
दोघं लागले का त्याले समजत नाई, कोणाकडं यावं."

ऊन उतरत नव्हतं.
मी टेकायला म्हणून कोपऱ्याकडे वळलो,
बुटकं, खोलगट काहीतरी सावलीत दिसलं.
शेळीनं माझ्याकडे पाहिलं.
मी उभाच राहिलो, बस येईस्तोवर.